मुंग्या नसलेलं आभाळ

अंधार स्वच्छ करण्याच्या मागे लागलेला माणूस उभ्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. घर झाडणारी माणसं मी पाहिली आहेत, विहिरी उपसणारीही पाहिली आहेत. पण रात्रीच्या फोटोत आभाळावर जे बारीकसारीक ठिपके उमटतात, ते एकेक करून हुसकावून लावायचे आणि मागे फक्त निव्वळ काळोख आणि खरे तारे ठेवायचे, या उद्योगात आयुष्याची वीस-बावीस वर्षं घालवणारा माणूस दुसरा पाहिला नाही. भोकरदनला बसस्टँडवरून बाजाराकडे जाताना त्यांचा फोटो स्टुडिओ होता. दिवसभर ते पासपोर्टचे फोटो, शाळेचे ग्रुप, लग्नं, बारशी असली कामं करत, पण ती अशा चेहऱ्याने, की बघणाऱ्याला वाटावं या माणसाला कुणीतरी परक्याच्या घरची भांडी घासायला बसवलंय. उजेडातला फोटो त्यांना पोरखेळ वाटे. 'उजेडात काय, कोन्हीबी काढतंय,' ते म्हणत. 'फोटो सूर्य काढून राह्यला, आपण नुसतं बटन दाबायचं.'

माझी त्यांची पहिली गाठ माझ्याच लग्नात पडली. आमच्या हिची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, त्यांना दिलेली, त्यामुळे फोटोचं काम दुसऱ्या कुणाला जाण्याचा प्रश्नच नव्हता. पिंपळगाव रेणुकाईला मांडव होता. ऐन वरातीच्या वेळी लाइट गेली. सगळ्या मांडवाने हाय खाल्ली. खुलले ते एकटे साडू. फ्लॅश काढून त्यांनी पिशवीत टाकला, तिवईवर कॅमेरा चढवला, आम्हा दोघांना गॅसबत्तीशेजारी उभं केलं आणि म्हणाले, 'आता खरा फोटो. मी सांगेपर्यंत हलायचं न्हाई. श्वाससुद्धा बेतानं घ्या.' मी नवा जावई, छाती फुगवून उभा राहिलो. तेवढ्यात हिच्या नाकाशी एक किडा आला, मला खोकला आला, मागच्या वाजंत्र्याने कशाला तरी ठेच लागून शिवी हासडली. आमच्या अल्बममध्ये तो फोटो अजून आहे. त्यात गॅसबत्तीची जाळी धागा न् धागा दिसते, मागच्या लिंबाची पानं मोजून घ्यावीत इतकी साफ आहेत, आणि पुढे दोन पांढरे धूर उभे आहेत. सासूबाईंनी फोटो हातात धरून विचारलं, 'ह्यात नवरदेव कोणता?' साडूंनी चष्मा पुसत शांतपणे सांगितलं, 'डावीकडला धूर.'

फिल्मच्या त्या काळात त्यांचा वैरी होता रवा. रात्रीचा फोटो मोठा केला की आभाळभर जे कण दिसायचे, त्यांना ते रवा म्हणत. भारी वेगाची फिल्म घेतली तर रवा येई. बारीक कणांची घेतली तर ती इतका वेळ उघडी ठेवावी लागे, की तेवढ्यात तारे सरकून जात आणि फोटोत ठिपक्यांऐवजी रेघा उमटत. त्या रेघांचे फोटो बघून लोक 'वा' म्हणत. साडूंना त्यांचा संताप यायचा. 'रेघ म्हणजे तारा हाय का? मला तारा बघायचाय, तो कुठून कुठं गेला ते न्हाई विचारलं.' घरात या रव्याने नुसता गोंधळ. सकाळी ते डार्करूममधून बाहेर येऊन उंबऱ्यात बसत आणि कपाळाला हात लावून म्हणत, 'आज लई रवा हाय.' लग्न नवीन असताना ताई बिचारी उठून शिरा करायला घेत असे. पुढे घरात फ्रिज आला तो दुधासाठी नाही, फिल्मसाठी. त्यात दह्याचं भांडं ठेवायची परवानगी ताईला फार उशिरा मिळाली, तीही झाकण घट्ट लावायच्या अटीवर.

त्यांचं संध्याकाळचं वागणं मात्र कुणालाच उलगडत नसे. भर दुपारी रस्त्यात दिसेल त्याला थांबवून बोलणारा हा माणूस दिवेलागणीनंतर ओळखीच्या माणसाला ओळख देत नसे. समोरून नमस्कार आला तरी मान वळत नसे. गावात बोललं जाई की फोटोवाला दिवसा गरजेपुरता गोड आहे, रात्री त्याचा खरा स्वभाव बाहेर पडतो. जालन्याला आमच्याकडे आले की सूर्य कलायच्या आत परतीची बस धरायचे. आमच्या चाळीतली पोरं त्यांना 'चार वाजताचे पाहुणे' म्हणत. एकदाच हिने आग्रह करून जेवायला थांबवलं, तर उठताना त्यांचा पाय थेट माझ्या ताटात. वरणात पाय तसाच ठेवून ते म्हणाले, 'पाहुणे, तुमच्या घरात जमीन लई वर आलीय.' आम्ही पोट धरून हसलो. ताई हसली नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन खाली बसली आणि त्यांचा पाय धुऊ लागली. तेव्हा मला वाटलं, बहिणीच्या घरी नवऱ्याने लाज आणली म्हणून ती ओशाळली असेल.

आणखी एक प्रकरण खांबाचं. त्यांच्या गल्लीत नवा खांब उभा राहिला, त्यावर झगझगीत दिवा लागला. बाया खूश, पोरं दिव्याखाली अभ्यासाला बसू लागली. साडू तिसऱ्या दिवशी सरपंचांच्या दारात. दिवा काढा. सरपंचांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. 'लावा म्हणता का काढा म्हणता?' 'काढा म्हणतो. सगळं आभाळ धुऊन निघालं त्यानं.' सरपंच जुने गृहस्थ. त्यांनी चहा पाजला, घरच्यांची विचारपूस केली आणि ताईला निरोप धाडला, की ह्यांना औरंगाबादला नेऊन कुण्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. निरोप देणाऱ्याच्या मनात डोक्याचा डॉक्टर होता. त्याला काय माहीत, की दर सहा महिन्यांनी नवराबायको औरंगाबादच्या डॉक्टरकडे जातच होते. फक्त तो डॉक्टर डोळ्यांचा होता.

हे मला कळलं ते धावड्याच्या शेतात. धावडा हे साडूंचं मूळ गाव. शेत भावाच्या वाट्याचं, पण विहिरीजवळचं छप्पर फोटोसाठी साडूंना मोकळं असे, कारण तिथून एकही दिवा दिसत नसे. हिवाळ्याचे दिवस होते, मी सहज म्हणून सोबत गेलो. दिवस असतानाच त्यांनी तिवई रोवली, कॅमेरा बसवला, सगळं बोटांनी दोनदोनदा चाचपून पाहिलं. अंधार पडला. आणि असं काही आभाळ उघडलं, की मी जालन्यात राहून काय गमावतोय ते मला मान मोडेपर्यंत कळत राहिलं. साडू बाजेवर बसले होते, आभाळाकडे पाठ करून, विहिरीच्या काठाकडे तोंड. कॅमेऱ्याला जोडलेल्या तारेचं बटन दाबत आणि सेकंद मोजायला तोंडाने आकडे म्हणत.

मी म्हणालो, 'साडूभाऊ, अहो वर तरी बघा. काय आभाळ आहे!'

'तुम्ही बघा की,' ते म्हणाले. 'मला आता बाजेचा पाय बी दिसून न्हाई राह्यला.'

मग त्यांनी सांगितलं. आवाजात काही चढउतार नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. त्यांच्या वडिलांना हेच होतं. आधी रात्र जाते, मग बाजू मिटत येतात, शेवटी मधलंही जातं. औषध नाही. लहानपणी याच शेतात, याच विहिरीशी ते वडिलांजवळ झोपत, तेव्हा तारे दिसत. पुढे पुढे विरळ होत गेले. 'मला वाटायचं, तारेच कमी होऊन राह्यले. मोठी माणसं कोन्ही त्याचं बोलत न्हाई, म्हणून मी बी बोललो न्हाई.' स्टुडिओ टाकल्यावर कधीतरी गंमत म्हणून कॅमेरा रात्री गच्चीवर उघडा ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात, हातातल्या कागदावर, त्यांना पुन्हा तारे दिसले. फोटोवाल्याला डोळ्यांचा आजार आहे हे गावाला कळलं असतं तर स्टुडिओची पायरी कुणी चढलं नसतं. म्हणून ही गोष्ट दोघांतच राहिली. ताईने सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती. त्यांना मूल नव्हतं आणि त्यावरून ताईला नातेवाइकांत फार ऐकून घ्यावं लागे. त्या रात्री मला त्याचंही उत्तर मिळालं. 'हे इथंच थांबू द्यावं म्हटलं,' एवढंच साडू म्हणाले, आणि पुन्हा आकडे म्हणू लागले.

मग रव्याशी एवढं वैर का, तेही हळूहळू कळलं. तुम्हीआम्ही फोटोतला ठिपका खरा की खोटा ते वर बघून ठरवू. त्यांना ती सोय नव्हती. जे कागदावर, तेच त्यांचं आभाळ. त्यातला तारा कोणता आणि कचरा कोणता हे सांगणारं कुणीतरी लागे, आणि ते काम होतं ताईकडे. जेवणं झाली की ती, डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीला लाल कागद बांधून, मोठा केलेला फोटो घेऊन गच्चीवर उभी राहायची. साडू कठडा धरून शेजारी. 'त्या तीन जवळजवळच्या खाली, जरा डाव्या अंगाला, बारीक हाय का?' 'हाय.' 'बराबर बघ.' 'हाय म्हणलं ना.' 'आणि त्याच्या खाली?' 'तिथं बी हाय.' खरा म्हटलेल्या ताऱ्याभोवती साडू दुसऱ्या दिवशी बारीक गोल काढत. पहाटे उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाईने रोज किती वेळ मान वर करून उभं राहावं? ताई दमली की सगळ्यालाच 'हाय' म्हणायची. त्यातून त्यांना बरं वाटायचं, हेही होतंच.

पुढे एकदा त्याच भागाचा दुसरा फोटो निघाला. साडूंनी दोन्ही शेजारी ठेवले, तर गोल केलेल्यांतले निम्मे तारे दुसऱ्या फोटोत नाहीतच. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. ते भांडले नाहीत. दोन दिवस जेवले, झोपले, स्टुडिओत गेले, पण ताईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ताईच रडायला लागली, तेव्हा म्हणाले, 'तुझी काही चूक न्हाई. तुला विचारावं लागलं ही माझी चूक. आता असा फोटो काढतो, की कोणाला काही विचारायचंच काम न्हाई.'

त्या दिवसापासून जे युद्ध सुरू झालं त्यात डिजिटल कॅमेरा येईपर्यंत साडू हरतच गेले. मग दोन हजार सालानंतर पुण्याच्या एका पुतण्याच्या ओळखीने तो कॅमेरा आला, आणि रव्याच्या जागी मुंग्या आल्या. टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर ज्या मुंग्या दिसतात, तशाच लाल-निळ्या मुंग्या रात्रीच्या फोटोभर. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला की आतून तापतो आणि तापला की मुंग्या वाढतात, हे कुठूनतरी वाचून काढल्यावर साडूंनी त्याला आजारी पोरासारखं वागवायला सुरुवात केली. टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या कॅमेऱ्याखाली. मे महिन्यात फोटो बंद. डिसेंबरात आम्ही कुडकुडत शेकोटी पेटवायला निघालो, की ओरडत, 'तिकडं दूर! त्याला ताप येऊन राह्यला.' ताईचं म्हणणं, एवढ्या पट्ट्या मला टायफॉइडमध्ये कोणी ठेवल्या नव्हत्या.

पण गावाची खरी करमणूक झाली ती झाकणाने. साडू एक फोटो काढत आणि लगेच भिंगावर झाकण लावून, तेवढाच वेळ, दुसरा काढत. शेजारचे मास्तर एकदा गच्चीवर आले होते. त्यांना राहवलं नाही. 'अहो, झाकण काढायचं राह्यलं.' 'राह्यलं न्हाई. लावलंय.' मास्तर सावकाश जिना उतरून गेले. मलाही आधी कळलं नव्हतं. साडूंनी समजावलं, 'झाकण लावल्यावर बाहेरचं काहीच आत येत न्हाई. तरी फोटोत मुंग्या हायेतच. म्हणजे त्या आभाळाच्या न्हाईत, ह्याच्या स्वतःच्या. आधी ह्याची स्वतःची बडबड ऐकून घ्यायची, आणि मंग कॉम्प्युटरवर ह्यानं सांगितलेल्या गोष्टीतून ती वजा करायची.' ही वजाबाकी त्यांना इतकी पटली की ती माणसांनाही लागू करू लागले. एकदा मी ऑफिसातल्या बढतीचं रडगाणं लांबवलं होतं, तर मध्येच म्हणाले, 'पाहुणे, तुमच्यातून तुमची बडबड वजा केली तर तुम्ही बिलकुल चांगले माणूस हायेत.'

एवढ्यानेही सगळ्या मुंग्या जात नसत. काही मुंग्या दर फोटोत जागा बदलत. त्यासाठी आभाळाच्या एकाच तुकड्याचे फोटोमागून फोटो घ्यायचे, कॉम्प्युटरवर तारा ताऱ्यावर येईल असे बसवायचे आणि सगळ्यांची सरासरी काढायची. मुंगी एका फोटोत असते, दुसऱ्यात नसते, म्हणून ती विरून जाते. तारा प्रत्येकात असतो, म्हणून तो उरतो. 'खोट्याला कोन्ही साथ देत न्हाई,' ते म्हणत. जो माणूस बायकोच्या 'हाय'वरून दोन दिवस मुका झाला होता, त्याला अखेर असे साक्षीदार मिळाले होते. पण तोवर बाजू मिटत आल्या होत्या. बाजारात ते माणसांवर आदळू लागले, लग्नाच्या फोटोंत नवरी अर्धीच येऊ लागली, आणि गिऱ्हाइकांनी तोंडावर काही न बोलता दुसरा स्टुडिओ धरला. स्टुडिओचं शटर एका संध्याकाळी खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही. कॉम्प्युटर तेवढा घरी आणला. पडद्याला नाक लावून ते एकेक तारा जुळवत बसत. उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला, तरी ते काम चालूच. डोळे की तारे, आधी काय संपतं अशी ती शर्यत होती आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

तो फोटो झाला तेव्हा मोठा छापून आणायचं काम माझ्याकडे आलं. जालन्याच्या लॅबमधल्या माणसाने गुंडाळी देताना म्हटलं, 'काका, काळाच आलाय बहुतेक, फुटाणे सांडल्यासारखं दिसतंय काहीतरी.' बसमध्ये ती गुंडाळी मी मांडीवर उभी धरून नेली. मधल्या स्टॉपला चढलेल्या बाईने कोपर लावलं तर मी तिच्यावर असा खेकसलो, की सगळी बस वळून बघायला लागली.

ताईने अंगणात, ऐन उन्हात, पलंग टाकला. त्यावर फोटो पसरून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. साडू वाकले. त्यांना एव्हाना पाइपातून बघावं तेवढंच दिसत होतं, त्यामुळे सगळं आभाळ एकदम दिसणं शक्यच नव्हतं. ते वरच्या डाव्या कोपऱ्यापासून निघाले, नांगर धरावा तसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, पुन्हा परत. आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. त्यांनी एकदाही 'हाय का?' असं विचारलं नाही. ताईच मध्ये एकदा न राहवून म्हणाली, 'सांगू का काही?' त्यांनी नुसता हात वर केला. ऊन फिरलं, तसा आम्ही पलंगही फिरवला. अखेर उजव्या खालच्या कोपऱ्याशी ते थांबले, वाटीवर हात ठेवून तसेच वाकून उभे राहिले. मी जवळ गेलो. 'कसा आलाय?' मी विचारलं.

'तेवढेच हायेत,' ते म्हणाले. 'एक बी कमी झाला न्हाई.'

मग त्यांनी चष्मा काढला आणि ताईला हाक मारली, कारण कमरेतून सरळ होणं त्यांना जमेना.

त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. चार-पाच वर्षांत मधलं उरलेलंही गेलं. फोटो बैठकीत लावलेला आहे. येणारेजाणारे त्याच्याकडे बघून घरात कुणी वारलंय का अशा आवाजात बोलतात. साडू खाटेवर बसून रेडिओ ऐकतात, पूर्वीपेक्षा गोड बोलतात, आणि संध्याकाळी आलेल्या माणसालाही आता ओळख देतात, कारण आवाजाला दिवस-रात्र नसते. मला त्यांचा तो जुना तिरसटपणा हवासा वाटतो, पण ते त्यांना सांगणार कसं.

मागच्या खेपेला मी मुक्कामाला होतो. जेवणं झाली आणि ताई नेहमीच्या सवयीने गच्चीवर गेली. आता तिच्या हातात ना बॅटरी, ना फोटो. ती नुसती वर बघून येते आणि काय काय दिसलं ते त्यांना सांगते. ज्या रात्री आभाळ मोकळं असतं, त्या रात्री ते सगळं ऐकून घेतात, मान हलवतात आणि मग पहाटेपर्यंत कूस बदलत राहतात, असं ती मला म्हणाली होती. त्या दिवशी ती लगेच खाली आली.

'ढग हायेत,' ती म्हणाली. 'काहीच दिसत न्हाई.'

'सगळीकडं?'

'सगळीकडं.'

'मंग बरं झालं,' साडू म्हणाले. 'आज कोन्हालाच दिसायचं न्हाई.' त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं, भिंतीकडे कूस केली, आणि ताई दिवा मालवायला उठेपर्यंत त्यांना झोप लागली होती.